हार्ट फेल्युअर आणि ट्रान्सप्लांटचं वेगळं एक वर्ष कशासाठी, कुठे, आणि परत आल्यावर काय

प्रश्न असा आलाय: "मॅडम, मी डीएम कार्डिओच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मूळचा विदर्भातला. ॲडव्हान्स्ड हार्ट फेल्युअर आणि ट्रान्सप्लांटची फेलोशिप करायचं डोक्यात आहे. पण सगळे म्हणतात हार्ट फेल्युअर तर डीएममध्ये असतंच, त्यासाठी अजून एक वर्ष कशाला घालवतोस, इंटरव्हेन्शन कर. करायचंच तर कुठे करू, आणि परत आल्यावर इथं काम मिळतं का?"

बाकी वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की डीएम म्हणजे एमडीनंतरचा हृदयरोगाचा कोर्स, फेलोशिप म्हणजे त्याच्यानंतरचं एकाच विषयाचं ट्रेनिंग, हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय कमजोर होऊन शरीराला रक्त कमी पडणं, ॲडव्हान्स्ड म्हणजे ते नेहमीच्या औषधांनी आवरत नाही अशी पायरी, आणि इंटरव्हेन्शन म्हणजे अँजिओप्लास्टी-स्टेंटचं काम. आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मुंबईत एमडी मेडिसिन केलं, मग अमेरिकेत जाऊन परत पहिल्यापासून इंटर्नल मेडिसिनची ३ वर्षं, कार्डिओलॉजीची ३ आणि त्याच्यावर हे १ वर्ष. तिथल्या एका ट्रान्सप्लांट सेंटरला काही वर्षं फेलोंना शिकवलं आणि आता पुण्यात हेच काम करते.

एमडीला असताना माझ्या वॉर्डात पस्तिशीची एक बाई होती, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी म्हणजे हृदय फुगून कमजोर झालेलं, सात-आठ महिन्यांत चार वेळा ॲडमिट झालेली. दरवेळी लॅसिक्स, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध, चालू करायचं, चार दिवसांत पायाची सूज उतरायची, दम कमी व्हायचा आणि घरी. त्यातली तीन डिस्चार्ज कार्डं माझ्या हातची आहेत, "ईएफ १५ टक्के, कंटिन्यू सेम ट्रीटमेंट" (ईएफ म्हणजे दर ठोक्याला हृदयातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते). मधे एकदा बीपी ८५ झालं म्हणून आम्ही एनालाप्रिल बंद केलं आणि बीटा ब्लॉकर अर्धा केला, दोन्ही हार्ट फेल्युअरची मुख्य औषधं, आणि पेशंटला औषधं सोसवेनाशी झाली म्हणजे आजार पुढच्या पायरीवर गेला हे त्या वेळी आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. पाचव्यांदा आली ती हातपाय गार, लघवी बंद, क्रिएटिनिन चढलेलं म्हणजे किडनी मंदावलेली, आणि दोन दिवसांत गेली. तिच्या केसमध्ये कुणी पुस्तकाविरुद्ध काही केलं नव्हतं. फक्त तिसऱ्या आणि चौथ्या ॲडमिशनच्या मधे कधीतरी तिला पुढच्या उपचारांसाठी पाठवायची वेळ होती, ती आली कधी आणि गेली कधी ते आम्हाला समजलंच नाही. माझ्या मते हे अख्खं वर्ष ती वेळ ओळखायला शिकण्यासाठी असतं. बायोप्सी, हृदयाला मदत करणारा पंप, कॅथ म्हणजे नळी घालून हृदयाची तपासणी, हे सगळं येतंच, पण ते त्या मानाने पटकन शिकता येतं.

थोडा इतिहास सांगते कारण त्यातून ही वेगळी शाखा का झाली ते कळतं. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनच्या ग्रूट श्शूर हॉस्पिटलमध्ये ख्रिस्तियान बर्नार्डनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं, पेशंट १८ दिवस जगला आणि न्यूमोनियाने गेला. त्यानंतर अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी ते केलं, पेशंट काही तासच जगला. जगात ज्यांनी सगळ्यात आधी हे धाडस केलं त्यात आपलं एक म्युनिसिपालिटीचं हॉस्पिटल होतं हे आपल्याकडे फार कमी जणांना माहिती आहे, मला त्याचा फार अभिमान आहे. त्या वर्षात जगभर धडाधड ऑपरेशनं झाली आणि बहुतेक पेशंट गेले, मग एकेक सेंटर बंद पडत गेलं. टाके घालता येत होते, पण नंतर शरीर ते हृदय नाकारतंय की नाही हे कळायचं कसं आणि कळलं तर करायचं काय, याला उत्तर नव्हतं. स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे मात्र चिकाटीने करत राहिले, तिथेच १९७३ मध्ये फिलिप केव्ह्जनी मानेच्या शिरेतून आत जाऊन हृदयाच्या स्नायूचा बारीक तुकडा काढायचा बायोप्टोम आणला, मार्गारेट बिलिंगहॅमनी ते तुकडे वाचायची पद्धत बसवली, आणि १९८३ मध्ये अमेरिकेत सायक्लोस्पोरिन हे शरीराचं नाकारणं रोखणारं औषध मंजूर झालं. तेव्हा कुठे पेशंट वर्षानुवर्षं जगायला लागले. म्हणजे ही गोष्ट तगली ती नंतरच्या मेडिकल देखभालीमुळे, आणि ती देखभाल करणारा डॉक्टर म्हणजेच हा स्पेशालिस्ट. अमेरिकेत २०१० पासून त्याची वेगळी बोर्ड परीक्षा आहे आणि ट्रेनिंग कार्डिओलॉजीनंतर १ वर्षाचं. आपल्याकडे १९९४ चा अवयव प्रत्यारोपण कायदा आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एम्सला डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी केलं.

आता डीएममध्ये असतंच या मुद्द्याकडे येते. डीएममध्ये हार्ट फेल्युअर असतं, पण कॅथ लॅबच्या दोन केसेसच्या मधे असतं. तुझा दिवस प्रायमरी अँजिओप्लास्टी आणि इकोमध्ये जातो, हार्ट फेल्युअरचा पेशंट रात्री इमर्जन्सीत भेटतो, तू साचलेलं पाणी काढून त्याला कोरडा करतोस आणि तो जातो. सहा महिन्यांनी त्याचं काय झालं हे तुला कळत नाही. फेलोशिपमध्ये तोच पेशंट तुला ओपीडीत, कॅथ लॅबमध्ये, मीटिंगमध्ये, आयसीयूत आणि ऑपरेशननंतर परत ओपीडीत भेटतो, वर्षभर.

पहिले काही महिने आम्ही फेलोला जास्त करून एकच काम देतो, पेशंट खरंच ॲडव्हान्स्ड आहे का ते ठरव. ट्रान्सप्लांटसाठी म्हणून पाठवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना औषधंच पूर्ण डोसमध्ये मिळालेली नसतात. आर्नी, बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोन आणि एसजीएलटी टू, हे औषधांचे चारही गट नीट चढवले, आयर्न कमी असेल तर दिलं, सतत १३० ने पळणारी एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची बिघडलेली लय) आवरली, की काहींचं हृदय चक्क सावरतं, बाळंतपणानंतरच्या कार्डिओमायोपॅथीत तर हे कितीदा पाहिलंय. म्हणून आधी उलटवता येण्यासारखं काही राहिलंय का हे शोधायचं. आणि हे सगळं करूनही पेशंट घसरतोय, किंवा माझ्या त्या बाईसारखी औषधं उलट काढावी लागतायत, वर्षात दोनदा-तीनदा ॲडमिशन होतंय, डाययुरेटिकचा, म्हणजे लॅसिक्ससारख्या औषधाचा, डोस वाढतच चाललाय, छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर शॉक देतोय, सोडियम उतरतंय, किडनी कुरकुरतेय, तर तो ॲडव्हान्स्ड, मग ईएफ २५ असो की १५.

मग राइट हार्ट कॅथ, म्हणजे शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचं आणि फुफ्फुसातलं प्रेशर मोजणं. डीएममध्ये तू वीस-पंचवीस केल्या असशील, बहुतेक व्हॉल्व्हच्या नाहीतर जन्मजात दोषाच्या केसेसमध्ये. इथं ती जवळजवळ रोजची भाषा होते. आकडा मॉनिटरवर छापून येतो तो घ्यायचा नाही, वेव्ह स्वतः वाचायची, श्वास सोडल्यावरची. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा रेझिस्टन्स, म्हणजे पीव्हीआर. वर्षानुवर्षं डावीकडचं प्रेशर जास्त राहिलं की त्या वाहिन्या कडक होतात, पेशंटच्या जुन्या उजव्या बाजूला त्याची सवय झालेली असते, पण नवीन हृदयाच्या उजव्या बाजूने असलं प्रेशर कधी पाहिलेलंच नसतं, ती टेबलावरच हात टेकते. म्हणून पीव्हीआर ३ वुड युनिटच्या वर असेल तर टेबलावरच वाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड देऊन बघतात की खाली येतं का, नाहीतर काही दिवस इनोट्रोप (हृदयाला जोर देणारं औषध) किंवा काही महिने एलव्हॅड (हृदयाच्या डाव्या बाजूला मदत करणारा पंप) लावून परत मोजतात. खाली आलं तर ट्रान्सप्लांटच्या यादीत, नाही आलं तर नाही. जोडीला व्यायामाची ऑक्सिजन टेस्ट, बीटा ब्लॉकरवर असताना पीक व्हीओटू (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा) १२ किंवा त्याहून कमी म्हणजे यादीचा विचार करायची वेळ. ही टेस्ट आपल्याकडे होते कमी, मशीन असून पडून असलेली मी पाहिली आहेत.

पंपाबद्दल तरुण डॉक्टरांना सगळ्यात जास्त आकर्षण असतं म्हणून थोडं स्पष्ट बोलते. २००१ मध्ये रीमॅच ट्रायल आली आणि कळलं की ट्रान्सप्लांट न होऊ शकणाऱ्यांना नुसत्या औषधांपेक्षा एलव्हॅडने जास्त जगता येतं. आजचा पंप म्हणजे मुख्यतः हार्टमेट थ्री, एचव्हॅड हा दुसरा पंप २०२१ मध्ये बाजारातून काढला गेला. पंपाच्या पेशंटची नाडी बरेचदा लागत नाही, बीपी डॉप्लरने घ्यावं लागतं, नवीन फेलो पहिल्या कॉलला हमखास गोंधळतो. पण शिकायचं असतं ते पंप कधी लावायचा हे. इंटरमॅक्स नावाचे सात प्रोफाइल आहेत, १ म्हणजे शॉकमध्ये कोसळलेला आणि ३ म्हणजे इनोट्रोपवर का होईना पण स्थिर. एकात लावला तर निकाल वाईट, तिनात लावला तर बराच चांगला. पंप तोच, सर्जन तोच. मग राइट व्हेंट्रिकल तग धरेल का, ड्राइव्हलाइन म्हणजे पंपाची वायर अंगातून बाहेर येते तिथे इन्फेक्शन होऊ नये म्हणून ड्रेसिंग घरी कोण करणार, आयएनआर (रक्त किती पातळ ठेवलंय त्याची टेस्ट) कोण बघणार, घरात लाइट जाते का. हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे अगदी खरा आहे, बॅटऱ्या चार्ज करायला पक्की वीज लागते.

अमेरिकेत जाणार असशील तर एक बदल माहिती असू दे. १८ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे हृदय वाटपाचे सहा स्टेटस झाले, त्यात एकमो किंवा बलून पंप अशा आयसीयूतल्या तात्पुरत्या मशीनवरचा पेशंट वर आणि एलव्हॅडवर घरी स्थिर असलेला खाली. त्यामुळे ट्रान्सप्लांटपर्यंत पोचवण्यासाठी एलव्हॅड लावणं कमी झालं आणि तात्पुरते सपोर्ट वाढले. म्हणजे आज तिथे शिकणाऱ्या फेलोचा आयसीयूतला वेळ माझ्यापेक्षा जास्त जातो.

सगळ्यात अवघड भाग सिलेक्शन मीटिंगचा. दर आठवड्याला सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, ॲनेस्थेशिया, इन्फेक्शनवाले, सोशल वर्कर, कोऑर्डिनेटर, डाएटिशियन असे सगळे बसतात आणि फेलो केस मांडतो. माझ्या फेलोशिपच्या चौथ्या महिन्यात मी एका पन्नाशीच्या गृहस्थाची केस मांडली, कॅथ उत्तम, किडनी ठीक, अँटिबॉडी नाहीत, मला वाटलं लगेच हो म्हणतील. सोशल वर्करने एकच विचारलं, ऑपरेशननंतर पहिले तीन महिने याच्यासोबत घरी कोण राहणार? मी विचारलंच नव्हतं. कुणीच नव्हतं. समितीने त्या दिवशी नाही म्हटलं आणि ते त्याला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी खोलीबाहेर दहा मिनिटं उभी होते. पुढचे पाच आठवडे सोशल वर्कर आणि मी मिळून त्याच्या दुरावलेल्या बहिणीला शोधलं, ती तयार झाली, मग तो यादीत गेला. तेव्हापासून मी केस मांडताना प्रेशरच्या आधी घरच्या माणसांबद्दल सांगते, आणि माझ्या फेलोंनाही तसंच मांडायला लावते. आपल्याकडे याचं रूप थोडं वेगळं असतं. माणसं असतात, उलट दहा जण असतात, पण बुलडाण्याहून आलेल्या घराने पुण्यात सहा महिने खोली घ्यायची, एकाने काम सोडून सोबत राहायचं, आयुष्यभराच्या गोळ्यांचा महिन्याचा खर्च करायचा, हे जमणार का ते आधी बसून कागदावर मांडायला लागतं. लाजून विचारलं नाही तर वर्षभरानं पेशंट गोळ्या अर्ध्या करून घ्यायला लागतो आणि सांगत नाही.

ऑपरेशननंतरचं शिक्षण म्हणजे खरं तर वेगळीच मेडिसिन आहे. नवीन हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, ते आपलं आपलं ९०-११० ने चालतं, रेट कमी झाला तर ॲट्रोपिन देऊन उपयोग नाही, आयसोप्रेनालिन नाहीतर पेसिंग. छातीत दुखत नाही म्हणून कोरोनरी बंद होत आल्या तरी पेशंटला कळत नाही, म्हणून वर्षाची अँजिओग्राफी. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला बायोप्सी, पुढे हळूहळू लांब लांब. टॅक्रोलिमस या रिजेक्शन (शरीराने हृदय नाकारणं) रोखणाऱ्या औषधाची रक्तातली लेव्हल हा तर रोजचा अभ्यास, आणि इथे तिकडचं शिक्षण आपल्याकडे अपुरं पडतं. तिकडे टीबीचा एकही पेशंट न पाहता फेलोचं वर्ष संपू शकतं. इकडे माझ्या एका पेशंटला ट्रान्सप्लांटनंतर वर्षभराने ताप-खोकला झाला, गावाकडे टीबीचं निदान झालं, निदान बरोबरच होतं, आणि नेहमीची चार औषधं चालू झाली. त्यातलं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमस अक्षरशः धुऊन काढतं. तीन आठवड्यांनी तो रिजेक्शनमध्ये आला, लेव्हल जवळपास शून्य. वाचला, पण महिना गेला आयसीयूत. उलट बाजूला क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फंगसच्या गोळ्या दिल्या की लेव्हल वर उडते आणि किडनी जाते. म्हणून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येकाला मराठीत एक कार्ड देतो की कुठल्याही डॉक्टरने नवीन गोळी दिली तर घ्यायच्या आधी फोन. त्या कार्डावर पपनस पण लिहिलंय, पुस्तकात ग्रेपफ्रूट असतं पण कोकणातल्या माणसाला गणपतीत पपनसच मिळतं आणि त्याने पण लेव्हल वाढते. कच्च्या दुधाचं पंचामृत पण नको. पेशंटना हे सांगताना वाईट वाटतं, पण सांगते.

आता कुठे करायचं. अमेरिकेत वर्षाला ४,००० हून जास्त हृदय प्रत्यारोपणं होतात, भारतात दोनशे-अडीचशेच्या आसपास, त्यामुळे संख्या बघायची तर तिकडे. पण तू आता डीएम करतोयस, माझ्यासारखा पूर्ण ७ वर्षांचा रस्ता परत चालण्यात अर्थ आहे का ते स्वतःला विचार, कारण तिथली रेसिडेन्सी न करता साधारणपणे बोर्डाला बसता येत नाही. युएसएमएलई ही तिकडची लायसन्सची परीक्षा देऊन थेट या एका वर्षाला घेणारे प्रोग्रॅम आहेत, या शाखेत तिकडच्याच जागा रिकाम्या राहतात, पण त्याने मिळतं ते शिक्षण, बोर्ड नाही. परत येणार असशील तर मला त्यात काही वाईट वाटत नाही. इंग्लंडमध्ये हेअरफिल्ड, पॅपवर्थ, न्यूकॅसल ही जुनी सेंटर्स आहेत, तिथे डीएम झालेल्यांना क्लिनिकल फेलो म्हणून घेतात, जीएमसी म्हणजे तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं काम वर्षभर आधी सुरू कर. टोरोंटोला पण आपले बरेच जण जातात. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंटला २०१४ मध्ये डोनरचं थांबलेलं हृदय परत चालू करून बसवायला सुरुवात झाली, ते बघायला मिळेल, पण आपल्याकडे हृदयाच्या बाबतीत सगळी भिस्त अजून ब्रेनडेथवर आहे हे लक्षात ठेव. आणि बाहेर गेलास तरी त्याच्या आधी किंवा नंतर चेन्नईच्या एखाद्या मोठ्या प्रोग्रॅममध्ये दोन-तीन महिने रहा, आपल्या पेशंटचे प्रश्न तिथे दिसतील. मुलाखतीत सेंटरला विचारायचं ते एवढंच, की वर्षात ट्रान्सप्लांट किती, फेलो डोनरचे कॉल स्वतः घेतो का, आणि ओपीडीत तेच पेशंट त्याला परत भेटतात का. डोनर कॉल स्वतः घेणं फार महत्त्वाचं. रात्री तीनला फोन येतो, डोनरचं वय, इको, भिंत जाड आहे का, इनोट्रोप किती, अंतर किती, बर्फातल्या पेटीत साधारण ४ तासांच्या आत बसायला हवं, आणि तुला हो किंवा नाही सांगायचंय. दुसरा कुणी घेतो आणि तू फक्त ऐकतोस अशा ठिकाणी वर्ष घालवू नकोस.

परत आल्यावर काम मिळतं का? मिळतं, पण तयार मिळत नाही, उभं करावं लागतं. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून मुलुंडला हृदय नेऊन डॉ. अन्वय मुळे यांच्या टीमने ट्रान्सप्लांट केलं तेव्हा मुंबईत कित्येक दशकांनी ते होत होतं. आता राज्यात मुंबई, पुणे, नागपूर, संभाजीनगर अशा झेडटीसीसी म्हणजे अवयव वाटपाच्या समित्या आहेत, ग्रीन कॉरिडॉर (अवयव नेणाऱ्या गाडीला रस्ता मोकळा करून देणं) पोलिसांच्या सवयीचा झालाय. पण पाठवणारे डॉक्टर कमी पडतात. पैशाचं पण खरं तेच सांगते, स्टेंट टाकणाऱ्या तुझ्या बॅचमेटएवढे मिळणार नाहीत, तिकडेही नाही आणि इकडेही नाही, कारण एका पेशंटला चाळीस मिनिटं दिली तरी बिल एका कन्सल्टेशनचंच होतं. घरी कर्ज असेल तर हे आधी घरच्यांशी बोल.

आणि गरज किती आहे ते बघ. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ मध्ये १,२०५ पेशंट घेतले, सरासरी वय ६१, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षांनी लहान, आणि पाच वर्षांत त्यातले जवळपास ५९ टक्के गेले. आणि ते केरळ, जिथे हॉस्पिटल जवळ असतं. ट्रान्सप्लांट झालेल्यांतले निम्म्याहून जास्त दहा वर्षांच्या पुढे जगतात. या दोन आकड्यांच्या मधे जे लोक आहेत त्यांच्यासाठी विदर्भात हे काम मनापासून करणारा अजून एक जण हवाय, म्हणून तू विदर्भातला आहेस हे वाचून मला जास्तच बरं वाटलं.

फेलोशिपचा फॉर्म भरायच्या आधी एक कर. तुझ्या युनिटमधले गेल्या वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा ॲडमिट झालेले हार्ट फेल्युअरचे पेशंट रेकॉर्ड सेक्शनमधून काढ, साठीच्या आतले. प्रत्येकापुढे लिही, चारही औषधं कुठल्या डोसवर आहेत, कुठलं बंद करावं लागलं, राइट हार्ट कॅथ झालीय का, आणि शेवटचं कधी दिसला. मग त्यातल्या जे दिसलेले नाहीत त्यांना फोन लाव. काही फोन घरचे उचलतील. हे सगळं झाल्यावरही करावंसं वाटलं तर मला मेसेज कर, सेंटरला पाठवायच्या पत्राचं मी बघते.